एकाच मातीत मोसंबी जोमात, पपनस खुरटलेलं. आम्ल जमिनीतलं ॲल्युमिनियम कुणाला बाधतं आणि कुणाला नाही?

रानजाई
नमस्कार मंडळी. सहा वर्षांपासूनचं कोडं आज इथे मांडतेय.
माझ्याकडे एक मोसंबी आणि एक पपनस शेजारी शेजारी आहेत, मध्ये जेमतेम चार पावलं. दोन्ही एकाच आठवड्यात लावली. खत, पाणी, आच्छादन, सगळं सारखं. मोसंबी माझ्या डोक्याच्या वर गेली आणि दोन वर्षांपासून फळ धरतेय. पपनस कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. पानं बारीक, जुन्या पानांवर देठाकडे हिरवा त्रिकोण आणि बाकी सगळं पिवळं. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असलं तरी दुपारी माना टाकतं.
शेवटी माती तपासून घेतली. सामू (पीएच) ४.६ आला, आणि अहवालाच्या तळाशी ‘विनिमयक्षम ॲल्युमिनियम जास्त’ असा शेरा. तो वाचून वाचत सुटले. ॲल्युमिनियम मुळांना विषारी असतं एवढं कळलं. पण मग मोसंबीला का बाधत नाही? दोन्ही लिंबूवर्गीयच ना? लिंबाच्या घराण्यातली झाडं हे विष सोसतात तरी कशी?

सावलीतला_बाक
वाचतोय. माझ्या ईडलिंबाचीही हीच गत आहे.

आडवा_तिडवा
ताई, चुना टाका आणि मोकळ्या व्हा. सामू वर आला की ॲल्युमिनियम बसतं खाली. कोडं वगैरे काही नाही.

मृद्गंध
आडवा दादा, चुन्यावर येऊच, पण तो इतका सरळ नाही. आधी मातीत काय चाललंय ते सांगतो.
भूकवचात वजनाने साधारण ८ टक्के ॲल्युमिनियम आहे. ऑक्सिजन आणि सिलिकॉननंतर तिसरा नंबर. म्हणजे ते बाहेरून आलेलं नाही, चिकणमातीच्या प्रत्येक कणात पहिल्यापासून आहे. सामू ६ च्या आसपास असतो तेव्हा ते खनिजात बांधलेलं किंवा हायड्रॉक्साइडच्या रूपात न विरघळता पडून असतं, मुळांना त्याची गंधवार्ताही नसते. सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं, आणि ५ च्या खाली तीन धनभारांचा मोकळा आयन वाढत जातो. हाच तो विषारी.
सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहा पट होते हे आपण शाळेत शिकलो. पण गिब्साइट या ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइड खनिजाचं गणित कागदावर मांडलं तर तेवढ्याच उतारात मोकळा आयन हजार पट होतो. म्हणून ५.४ आणि ४.६ यांत आकड्याने फरक छोटा दिसतो, मुळाच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगं आहेत.
एक पुस्ती. नुसत्या सामूवरून निकाल लावू नका. सेंद्रिय पदार्थ भरपूर असेल तर तो ॲल्युमिनियमला धरून ठेवतो, आणि धरलेलं ॲल्युमिनियम मुळाला फारसं लागत नाही. तुमच्या अहवालात विनिमयक्षम ॲल्युमिनियम, म्हणजे मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, वेगळं मोजलंय हे फार चांगलं झालं. आकडा काय आहे?

रानजाई
१०० ग्रॅम मातीला २ मिलीतुल्यांक, अहवालात हेच एकक आहे. नमुना वरच्या वीतभर मातीचा होता.

मृद्गंध
मग खालचाही नमुना काढा. दीड-दोन फुटांवरचा. वरच्या थरात पाला कुजतो, तुम्ही खत घालता. खरी अडचण बहुतेक वेळा खाली असते.

पेशीपुराण
मुळांचं काम माझ्या आवडीचं, म्हणून जरा लांब लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.
ॲल्युमिनियमचा घाव सगळ्या मुळावर बसत नाही. मक्यावर केलेल्या प्रयोगांत दिसलं की फक्त टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरला ॲल्युमिनियम दिलं तरी मूळ वाढायचं थांबतं, आणि टोक सोडून बाकी सगळ्या मुळाला दिलं तर वाढ चालू राहते. पेशी विभागून झाल्या आणि आता लांबायच्या बेतात आहेत, ती जागा सगळ्यांत नाजूक. गव्हासारख्या पिकाच्या संवेदनशील वाणात तासा-दोन तासांत वाढ मंदावलेली मोजता येते.
तिथे नेमकं होतं काय? पेशीभित्तिकेत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो आणि त्याच्यावर ऋणभाराच्या जागा असतात. एरवी तिथे कॅल्शियम बसतं. तीन धनभारांचं ॲल्युमिनियम त्याला हुसकावून स्वतः घट्ट बसतं. भिंत ताठ होते. लांबायचं तर भिंत सैल व्हायला हवी, ती होत नाही. शिवाय पेशीपटलाला धक्का, पेशींच्या मधल्या वाटा कॅलोज नावाच्या बहुशर्करेने बुजणं, कॅल्शियम-मॅग्नेशियम आत घेण्यात अडथळा. रानजाई, तुमच्या जुन्या पानांवरचा हिरवा त्रिकोण हे मॅग्नेशियम कमी पडल्याचं लक्षण आहे. मातीत घालूनही ते मिळत नसेल तर मुळाकडे संशयाने बघायला हवं.
आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात २००८ साली दिसलं की डीएनएची मोडतोड ओळखून पेशीविभाजन थांबवणारं एक प्रथिन बंद पाडलं, तर ॲल्युमिनियम असूनही मूळ वाढत राहतं. म्हणजे वाढ थांबण्यातला मोठा वाटा मुळाच्या स्वतःच्या निर्णयाचा आहे. धोका दिसला, थांबा. विषाने मारलं म्हणावं की झाडाने जपून पाऊल आवरलं म्हणावं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.
आता तुमचा प्रश्न. सोसण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक, आत येऊच द्यायचं नाही. दोन, आलंच तर कोपऱ्यात कोंडून ठेवायचं. पहिल्या वाटेत मूळ स्वतःच्या टोकातून सायट्रेट, मॅलेट किंवा ऑक्झॅलेट ही सेंद्रिय आम्लांची रूपं बाहेर सोडतं. हे रेणू ॲल्युमिनियमला कवेत घेतात आणि कवेतलं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटत नाही. गहू मॅलेट सोडतो, मका आणि ज्वारी सायट्रेट, बकव्हीट (कुट्टू) ऑक्झॅलेट. यांत सायट्रेटची पकड मॅलेटपेक्षा घट्ट. लिंबूवर्गात चीनच्या फूच्येनमधल्या कृषी आणि वनविद्यापीठातल्या गटाने गोड संत्र्याची आणि पपनसाची रोपं शेजारी वाढवून पाहिली. गोड संत्र्याच्या मुळांनी ॲल्युमिनियम मिळताच मॅलेट आणि सायट्रेट दोन्ही जास्त सोडलं, आणि जे आत शिरलं त्यातलं बरंचसं मुळातच अडवलं, पानांपर्यंत कमी जाऊ दिलं. पपनस दोन्हींत मागे पडलं. त्याची पानं फिकी झाली, प्रकाशसंश्लेषण घसरलं. मोसंबी म्हणजे गोड संत्र्याचाच प्रकार. तुमच्या दोन झाडांचं उत्तर इथेच मिळतंय.

लिंबाची_फोड
वा पेशीपुराण, मजा आली. सायट्रेट सोडण्यात सगळ्यांत पुढे लिंबूच असणार, नाही का? नावातच आहे. लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल. घरचंच दुकान, उधारी कसली!

पेशीपुराण
फोड, प्रश्न मस्त आहे आणि उत्तर ‘नाही’ आहे. सायट्रिक आम्ल पहिल्यांदा स्फटिकरूपात वेगळं काढलं ते लिंबाच्याच रसातून, शेले या स्वीडिश रसायनज्ञाने, १७८४ साली. नाव तिथूनच आलं. पण रसातलं आम्ल फळाच्या रसपेशींच्या आत, रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये, साठवलेलं असतं. ते खाली मुळाकडे जात नाही. मुळाचं सायट्रेट मुळाच्याच पेशीत, तंतुकणिकांमध्ये तयार होतं, आणि बाहेर पडायला पेशीपटलात खास दारं लागतात. कोठार किती भरलंय यापेक्षा दार आहे का आणि वेळेवर उघडतं का, हे महत्त्वाचं. गव्हात मॅलेटच्या दाराचा जनुक २००४ मध्ये सापडला. त्या दाराची गंमत अशी की ॲल्युमिनियमच ते उघडतं. चोराने कडी वाजवली की दार उघडून त्यालाच बेड्या. सायट्रेटसाठीचे असे जनुक ज्वारीत आणि जवात २००७ मध्ये मिळाले.

सावलीतला_बाक
म्हणजे आंबट फळ आणि सोशिक मूळ यांचा काही संबंध नाही?

पेशीपुराण
मला तरी कुठे दिसलेला नाही. गोड संत्रं सोसतं, आंबट पपनस सोसत नाही. त्या प्रयोगातलं पपनस आंबट जातीचंच होतं.

आडवा_तिडवा
मग आळ्यात लिंबू पिळून टाकायला काय हरकत आहे? झाडाला जमत नाही तर आपण देऊ.

मृद्गंध
हरकत आहे. मातीतले जिवाणू सायट्रेट बघता बघता फस्त करतात. आणि आपण ओततो ते आम्ल, त्याने सामू आणखी उतरतो. मूळ सोडतं तो सायट्रेटचा ऋणभारित आयन, सोबत बहुधा पोटॅशियम. तेही केसाएवढ्या टोकाभोवती, रोज, थोडं थोडं, नेमक्या वेळी. एवढी अचूकता ओतून कशी साधणार? सगळ्या आळ्याची माती धुवायची गरज मुळाला नसते. टोकापुरती पातळ साय सुरक्षित झाली की ते पुढे सरकतं.

दुपारचा_चहा
थोडं अवांतर. माझ्याकडे हायड्रेंजिया आहे, आम्ल मातीत निळी फुलं देते आणि चुना पडला की गुलाबी. तिथेही ॲल्युमिनियमच ना? मग तिला विष का होत नाही?

पेशीपुराण
अवांतर अजिबात नाही, तुमची हायड्रेंजिया म्हणजे दुसऱ्या वाटेचं उदाहरण. ती ॲल्युमिनियम आत घेते आणि पानात सायट्रेटशी बांधून ठेवते. फुलात पोचलेलं ॲल्युमिनियम तिथल्या रंगद्रव्याशी जुळून निळं होतं. आणि तुमच्या नावातली वनस्पती तर त्याहून पुढे. चहाच्या जुन्या पानांत कोरड्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत ॲल्युमिनियम मोजलेलं आहे. बेताचं ॲल्युमिनियम मिळालं तर चहाची मुळं उलट जोमाने वाढतात. भातात आणखी वेगळी युक्ती: पेशीपटलावरचं एक प्रथिन ॲल्युमिनियमला भिंतीवरून उचलून आत घेतं आणि दुसरं ते रिक्तिकेत कोंडतं. भिंत मोकळी, मूळ मोकळं.
लिंबूवर्ग मात्र साठवणारा नाही. तो मुळाशी अडवणारा. म्हणून पानाच्या तपासणीत ॲल्युमिनियम जास्त दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. मुळात त्याच्या कित्येक पट असतं.

दुपारचा_चहा
किती छान समजावलंत. आता निळ्या फुलाकडे बघताना वेगळंच वाटणार.

खुंटकलम
धागा उशिरा पाहिला. मी आयुष्यभर कलमं बांधली, तेव्हा एक मूलभूत गोष्ट विचारतो. रानजाई, तुमची मोसंबी कलमी आहे ना? खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर डोळा बांधतात ते झाड, कोणता? आणि पपनस कलमी की बियांचं?
पेशीपुराण, तुमचं लेखन आवडलं, पण एक पायरी निसटली. मातीत मोसंबीचं मूळ नाहीच मुळी. डोळा मोसंबीचा, मूळ खुंटाचं. ॲल्युमिनियमशी सामना खुंटाचा आहे. वर मोसंबी आहे की आणखी काही, याने मुळाच्या टोकाला काय फरक पडणार?

पेशीपुराण
खुंटकलम काका, बरोबर पकडलंत. त्या प्रयोगात रोपं बियांपासूनची, स्वतःच्या मुळांवरची होती. मी ते तसंच्या तसं कलमी झाडाला लावलं, ही माझी चूक. वरच्या भागाचा मुळाला अन्न पुरवण्यापुरता परिणाम असेलच, पण टोकाचा स्वभाव खुंटाचा, हे मान्य.

रानजाई
मोसंबी कलमी आहे, खुंट जंबेरीचा (खडबडीत सालीच्या लिंबाचा) असं घेताना सांगितलं होतं. पपनस बियांचं. ओळखीच्यांकडचं फळ फार आवडलं होतं, त्यातल्या बिया रुजवल्या.
म्हणजे मी सहा वर्षं मोसंबीची पपनसाशी तुलना करत होते, आणि जमिनीखाली जंबेरी आणि पपनस होते!

खुंटकलम
अगदी. आता कोडं सुटतं का बघा. खुंटांची या बाबतीत तुलना झालेली आहे. फ्लोरिडात पोषकद्रावणात वाढवून पाच खुंट पाहिले होते, ॲल्युमिनियम वाढवत नेलं. सगळ्यांत तग धरला क्लिओपात्रा मँडरिनने, त्याच्या मागोमाग जंबेरी. आंबट नारिंग मधे. स्विंगल सिट्रुमेलो त्याखाली, आणि कॅरिझो सिट्रेंज सगळ्यांत नाजूक. शेवटचे दोन्ही त्रिपर्णी नारिंगाचे संकर.
माझ्या हातचा अनुभवही याच बाजूचा आहे. एका आम्ल उताराच्या जमिनीवर दोन खुंटांवरची एकाच जातीची कलमं लावली होती. पहिली दोन वर्षं काही फरक नाही, खड्ड्यातली भरलेली माती चांगली होती ना! तिसऱ्या वर्षी मुळं खड्ड्याबाहेर पडली आणि फरक उघडा पडला. सिट्रेंजवरची कलमं जागच्या जागी घुटमळली, जंबेरीवरची पुढे गेली. तेव्हा मला वाटलं कलम बांधण्यात माझी कसर राहिली. कितीतरी रात्री त्याच विचारात गेल्या. मुळं उकरून पाहायचं सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

हिरवी_काठी
काका, खड्ड्याबाहेर पडल्यावर फरक दिसला ही गोष्ट मी लिहून ठेवली. रोपं लावताना आपण खड्डा भरण्यावर सगळी मेहनत घेतो आणि झाडाला पुढची पंचवीस वर्षं खड्ड्याबाहेरच काढायची असतात.

आडवा_तिडवा
सगळं मान्य. पण मग जंबेरी लावा आणि विषय संपवा. एवढं सायट्रेट-मॅलेट कशाला?

खुंटकलम
दादा, जंबेरी सगळीकडे चालत नाही. पाणी साचणाऱ्या जागी मूळकुजीने बसते. खुंट एका गुणावर निवडत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत त्रिपर्णी नारिंग पिवळं पडतं, लोह उचलता येत नाही त्याला. कुणाला आम्ल बाधतं, कुणाला चुना. म्हणून त्याचं ‘का’ कळलेलं बरं.

मृद्गंध
आता चुना. रानजाई, तुमच्या आकड्यावर गणित करू. विनिमयक्षम ॲल्युमिनियमच्या दीडपट चुनखडी हा मृदाशास्त्रज्ञ काम्प्रथ यांनी १९७० मध्ये मांडलेला ठोकताळा अजून वापरला जातो. तुमचं २, म्हणजे ३ मिलीतुल्यांक चुनखडी, म्हणजे किलोभर मातीला दीड ग्रॅम. वरच्या २० सेंटिमीटरच्या थराचं वजन हेक्टरी २० लाख किलो धरलं तर हेक्टरी ३ टन. तुमच्या आळ्याला, चौरस मीटरला ३०० ग्रॅम. इथे उद्देश सामू ७ ला नेण्याचा नाही, ॲल्युमिनियम निष्प्रभ करण्याचा आहे. सामू ५.५ च्या वर गेला की ते काम बहुतेक झालेलं असतं. त्यापुढे चुना ओतत राहिलात तर जस्त, मँगनीज, लोह अडकतं आणि नवी पिवळी पानं दिसायला लागतात.
आणि पपनसाला मॅग्नेशियम कमी आहे तर साधी चुनखडी न घेता डोलोमाइट घ्या. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही आहेत.

आडवा_तिडवा
हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं होतं. चुना.

मृद्गंध
हो, आणि अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं असं की वर टाकलेला चुना खाली उतरत नाही. वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, तेही पाऊस आणि माती अनुकूल असेल तर. उभ्या झाडाखाली खोल मिसळता येत नाही, मुळं तुटतात. खालच्या थरासाठी जिप्सम. ते पाण्याबरोबर उतरतं. सामू फारसा बदलत नाही, पण त्यातलं सल्फेट ॲल्युमिनियमशी जोडी करून त्याचा दंश कमी करतं आणि कॅल्शियम मुळाला आधार देतं. मात्र जास्त झालं तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम धुऊन नेतं, म्हणून बेताने.
दुसरी गोष्ट, तुम्ही नत्र कशातून देता?

रानजाई
अमोनियम सल्फेट. सुरुवातीपासून. लिंबूवर्गाला आम्ल जमीन मानवते असं कुठेतरी वाचलं होतं.

मृद्गंध
ते आजच थांबवा. अमोनियमचं नायट्रेट होताना मातीत आम्ल तयार होतं. अमोनियम सल्फेटमधून १ किलो नत्र दिलं की ते आम्ल फेडायला सव्वापाच किलोच्या वर चुनखडी लागते. युरियाला पावणेदोन किलोच्या आसपास. लिंबूवर्गाला सामू ६ ते ६.५ बरा. ‘जरा आम्ल चालतं’ आणि ‘आम्ल हवं’ यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरात कितीतरी बागा खुरटल्या आहेत. ताई, तुमचा दोष नाही. हे वाक्य मीही अनेक ठिकाणी अर्धवट छापलेलं पाहिलंय.

सावलीतला_बाक
बापरे. माझ्याही आळ्यात तेच जातंय. आज पिशवी बांधून ठेवतो.

हिरवी_काठी
स्फुरदाबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे स्फुरद दिल्यावर रोपं सावरली होती. योगायोग का?

पेशीपुराण
योगायोग नसावा. पपनसाच्या रोपांवर हेच पाहिलं गेलंय. स्फुरद वाढवलं तर ॲल्युमिनियमचा त्रास घटला. कारण जास्त ॲल्युमिनियम मुळातच अडकून राहिलं, पानात कमी गेलं. स्फुरद आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की न विरघळणारी जोडी होते. ही जोडी मातीत जमली की स्फुरदही वाया जातं, म्हणून आम्ल जमिनीत ते मुळाजवळ पट्ट्यात देतात, विखरून टाकत नाहीत.
बोरॉनचंही तसंच. पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधायचं काम बोरॉनचं. ते पुरेसं असेल तर भिंत नीट बांधली जाते आणि ॲल्युमिनियमला बसायला जागा कमी उरते, असं एक स्पष्टीकरण आहे. पपनसाच्या रोपांत बोरॉन दिल्यावर ॲल्युमिनियमचा त्रास कमी झालेला दिसला. पण बोरॉनचा हात आखडता ठेवा. लिंबूवर्गाला त्याची कमतरता आणि विषबाधा यांच्यात अंतर थोडं.

मृद्गंध
पेशीपुराण, इथे मला एक शंका नोंदवायची आहे. या प्रयोगांत वाळूत वाढवलेल्या रोपांना १ मिलिमोलरच्या आसपास ॲल्युमिनियम देतात. खऱ्या मातीच्या पाण्यात ते बहुधा त्याहून बरंच कमी असतं, आणि सोबत कॅल्शियम, सेंद्रिय आम्लं, बुरशी, सगळा गोतावळा असतो. कुंडीतल्या रोपाचा क्रम दहा वर्षांच्या झाडाला जसाच्या तसा लागू होईल असं मला वाटत नाही.

पेशीपुराण
शंका रास्त आहे. पण दिलेलं सगळं ॲल्युमिनियम द्रावणात मोकळं राहत नाही. काही स्फुरदाशी जुळतं, काही वाळूवर बसतं. आकडा मोठा दिसतो तेवढा मुळाला लागत नाही. क्रमाबद्दल मात्र मीही जपूनच बोलेन. म्हणून खुंटकलम काकांची तिसऱ्या वर्षाची गोष्ट मला मोलाची वाटते. ती खऱ्या जमिनीतली आहे.
गोतावळ्यातली बुरशी म्हणालात, ते महत्त्वाचं. लिंबूवर्गाच्या मुळांना मूलरोम तोकडे आणि विरळ, त्यामुळे स्फुरद उचलायला ही झाडं मायकोरायझा बुरशीवर फार अवलंबून असतात. बुरशीचे तंतूही ॲल्युमिनियम धरून ठेवतात. सारखं खोदणं, बुरशीनाशकाचं आळवणं, यात तो सोबती जातो.

खुंटकलम
आणि तांब्याची फवारणी. जुन्या बागांत वर्षानुवर्षं मारलेलं तांबं वरच्या थरात साठतं, सामू उतरला की तेही मोकळं होतं आणि तंतुमुळं मारतं. दोष ॲल्युमिनियमच्या माथी जातो. आम्ल जमिनीत मँगनीजही वाढतं. उकरून पाहिल्याशिवाय कुणावरही आळ घेऊ नका.

लिंबाची_फोड
काका, उकरून काय बघायचं? आम्हाला मुळं सगळी सारखीच दिसतात.

खुंटकलम
चांगली पांढरी मुळी सुतासारखी, बारीक फाटे फुटलेली, टोक फिकट आणि टोकदार. ॲल्युमिनियमने बाधलेली मुळी आखूड, जाड, तपकिरी. टोक बोथट, कधी सुजल्यासारखं. बारीक फाटे जवळजवळ नसतात, आणि जे असतात ते फुटून लगेच थांबलेले. हातात घेतली की कडक लागते आणि कट्कन मोडते. मूळकुजीत याउलट साल हाताने सरकते आणि आत दोरा उरतो. हे एकदा बोटांना कळलं की विसरत नाही.

पेशीपुराण
सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर हिमॅटॉक्सिलिनच्या द्रावणात टोक बुडवतात. ॲल्युमिनियम असेल तिथे जांभळा रंग धरतो. गव्हाचे सोशिक वाण निवडायला ही रीत वापरली गेली.

रानजाई
मंडळी, बारा दिवसांनी परत आले. उकरलं आणि तपासूनही घेतलं. सगळं सांगते.
दोन्ही झाडांच्या बाजूला, खोडापासून हातभर दूर, दोन फूट खोल चर घेतला. खालच्या थराचा सामू ४.३. विनिमयक्षम ॲल्युमिनियम वरच्या थराच्या जवळपास दुप्पट. मृद्गंध, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.
मोसंबीची, म्हणजे जंबेरीची, मुळं दीड फुटापर्यंत सापडली. खाली गेलेली थोडी बोथट होती, पण पांढरी टोकं मोजण्याइतकी होती. पपनसाची सगळी मुळं वरच्या वीतभर मातीत, चटईसारखी आडवी पसरलेली. त्याखाली उतरायला निघालेली प्रत्येक मुळी बोटभर जाऊन थांबलेली. आखूड, तपकिरी, टोकाला गाठ. खुंटकलम काका, तुम्ही लिहिलं तशी कट्कन मोडली. दुपारी माना का टाकतं ते तिथेच बसून कळलं. वरची वीतभर माती दुपारपर्यंत तापून सुकते आणि याच्याकडे खाली दुसरं मूळच नाही. मी पाणी वाढवत राहिले, ते त्याच्या हाताला लागतच नव्हतं. खूप वेळ चराच्या काठावर बसून होते.
पण एक जागा वेगळी होती, आणि ती सांगायलाच खरं तर आले. चराच्या एका कोपऱ्यात पूर्वीच्या कुठल्या तरी झाडाचं जाड मूळ कुजून गेलेलं होतं. त्याच्या जागी काळी भुसभुशीत माती भरलेली नळी, सरळ खाली गेलेली. त्या नळीतून पपनसाची एक मुळी दोन फुटांपर्यंत उतरली आहे. पांढरी, बारीक फाट्यांची. नळीच्या बाहेर वळलेले तिचे फाटे मात्र थांबलेले.

मृद्गंध
ताई, हे वाचून अंगावर काटा आला. मी ‘सेंद्रिय पदार्थ ॲल्युमिनियमला धरून ठेवतो’ असं एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत. त्या नळीतली माती वेगळी काढून सामू बघा. कदाचित बाजूच्या मातीपेक्षा फार वेगळा नसेलही, आणि तरी मुळी जगली असेल.

खुंटकलम
त्या मुळीला हात लावू नका. चर बुजवताना त्या बाजूची माती शेवटी आणि हलक्या हाताने टाका.
पपनस त्याच जागी हवंच असेल तर बाजूला जंबेरीचं रोप लावून पुढे जोडकलम करता येतं, म्हणजे झाडाला दुसरं मूळ मिळतं. खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप लागेल, घाई नाही.

रानजाई
ते शिकवाल का काका? वेगळा धागा काढते.
तोवर ठरवलंय असं: अमोनियम सल्फेट बंद. डोलोमाइट वरच्या थरात, दोन हप्त्यांत. जिप्सम थोडं. आणि पपनसाच्या घेराबाहेर पहारीने सहा ठिकाणी दोन-दोन फूट खोल भोकं पाडून त्यांत पूर्ण कुजलेला पालापाचोळा भरायचा. त्या जुन्या मुळाने एक वाट करून दिली, आणखी सहा मी करून बघते.

आडवा_तिडवा
ताई, भोकांत कुजलेल्या पाल्याबरोबर मूठभर डोलोमाइटही मिसळा. वरून उतरत नाही म्हणालेत ना मृद्गंध, मग खालीच पोचवा. आणि पुढच्या वर्षी एक भोक उकरून इथे सांगा. मी वाट बघतोय.

सावलीतला_बाक
मी आज ईडलिंबाच्या बाजूला उकरलं. आखूड, तपकिरी, बोथट. उद्या माती द्यायला जातो. वरची आणि खालची, दोन्ही.